कल्पित भाषेची वंशावळ : क्वेन्या आणि सिंदारिन

कादंबरीकाराने एखादा देश कल्पावा, त्यात नद्या-डोंगर घालावेत, राजवंश उभे करावेत, ह्याचे आता कोणास नवल वाटत नाही. परंतु त्या देशाची भाषाही त्याने घडवावी, तिला वर्णमाला द्यावी, विभक्ती लावाव्यात, क्रियापदांची रूपे सिद्ध करावीत, असे म्हटले की पुष्कळ जाणत्या समीक्षकांच्या मुद्रेवरही एक सौम्य स्मित उमटते. हा विद्वानाचा फावल्या वेळचा छंद असेल, त्याचा साहित्याशी संबंध काय, असा त्या स्मिताचा अर्थ असतो. ही शंका अनाठायी नाही. कल्पित भाषांचा बराचसा इतिहास तिला पुष्टीच देतो. टॉमस मूर यांच्या 'यूटोपिया'बरोबर १५१६ साली त्या बेटाची म्हणून एक वर्णमाला आणि चार ओळींचे पद्य छापले गेले. स्विफ्टच्या 'गलिव्हर'मध्ये (१७२६) लिलिपुटवासीयांच्या तोंडी अनेक चमत्कारिक शब्द आहेत. त्या शब्दांना नाद आहे, अर्थही आहे. पण त्यांना आईबाप नाहीत. ते ज्या क्षणी छापले गेले त्याच क्षणी जन्मले, हे वाचकाला लपून राहत नाही.

जे. आर. आर. टोल्कीन (१८९२–१९७३) यांच्या भाषांचे प्रकरण ह्याहून मुळातच निराळे आहे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४–५५ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु त्यातील एल्फ लोकांच्या उच्च भाषेचा पहिला शब्दकोश त्यांनी १९१५ च्या सुमारासच मांडावयास घेतला होता. म्हणजे भाषा आधी आणि कथा मागाहून. ऑक्सफर्डमध्ये प्रथम अँग्लो-सॅक्सनचे आणि १९४५ ते १९५९ ह्या काळात इंग्रजी भाषा व साहित्याचे प्राध्यापक असलेल्या ह्या गृहस्थाने १९३१ साली एका व्याख्यानात आपल्या ह्या उद्योगाला 'गुप्त व्यसन' असे नाव दिले होते. व्यसनाचे फळ साहित्य कसे ठरले, हे पाहायचे तर व्याकरणाच्या आणि उच्चारांच्या बारकाव्यांतच उतरले पाहिजे.

त्यांच्या दोन प्रमुख भाषा म्हणजे क्वेन्या आणि सिंदारिन. क्वेन्याच्या रचनेत फिनिश भाषेचा मोठा वाटा आहे. विद्यार्थिदशेत फिनिशचे एक व्याकरण हाती लागले तेव्हा झालेला आनंद टोल्कीन जन्मभर सांगत असत. क्वेन्यात स्वर पाच, ऱ्हस्व आणि दीर्घ. शब्दाच्या आरंभी ग, द, ब हे घोष स्पर्श कधी येत नाहीत. ते येतात ते प्रायः अनुनासिकाच्या किंवा र-ल यांच्या संगतीत : न्द, म्ब, ङ्ग, ल्द, र्द. शब्दाचा शेवट स्वराने होतो, नाही तर न, ल, र, स, त यांपैकी एकाच व्यंजनाने. टवर्ग नाही.

एवढे वर्णन वाचताच आपल्या साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला काही तरी ओळखीचे वाटल्यावाचून राहणार नाही. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या आठव्या उल्लासात माधुर्यगुणाचे व्यंजक वर्ण सांगितले आहेत. आपापल्या वर्गाच्या अनुनासिकाने युक्त असे स्पर्श, मात्र टवर्ग वर्ज्य. आणि ओजाला पोषक म्हणून टवर्ग, श-ष, रेफयुक्त जोडाक्षरे. क्वेन्या ही जणू ह्या माधुर्यलक्षणाचे उदाहरण म्हणून रचलेली भाषा आहे. एकाने दुसऱ्याचे घेतले असे मुळीच नाही; दोन दूरच्या कानांनी एकच निवड केली, एवढेच. उलट बाजूचे उदाहरणही उपलब्ध आहे. १९८४ च्या एका अमेरिकी चित्रपटासाठी भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँड यांनी परग्रहावरील लढवय्या जमातीची क्लिंगॉन ही भाषा सिद्ध केली. तिच्यात कर्म आधी, मग क्रियापद आणि शेवटी कर्ता. आणि उच्चार मुद्दाम कर्कश, मानवी कानाला परके वाटावेत असे. त्या परक्या उच्चारांत मूर्धन्य 'ड' आहे आणि 'ष'च्या जवळचा एक वर्ण आहे! पृथ्वीबाहेरचा म्हणून योजलेला हा 'ड' आपल्या डाळीत, डोळ्यात आणि डोंगरात रोज वावरतो. तेव्हा नादाचा परिणाम निरपेक्ष नसतो. ऐकणाऱ्याच्या मातृभाषेवर तो अवलंबून असतो. क्वेन्याच्या गोडव्याविषयी जे लिहिले जाते ते बहुतांशी इंग्रजी कानाने लिहिलेले आहे, हे भारतीय वाचकाने ध्यानात ठेवलेले बरे.

व्याकरणाच्या तक्त्याबद्दल फार थांबण्याचे कारण नाही. 'किर्या' म्हणजे नौका. 'किर्यास्से' नौकेत, 'किर्यान्ना' नौकेकडे, 'किर्याल्लो' नौकेपासून, 'किर्यानेन' नौकेने. इंग्रज वाचकाला हे प्रत्ययांचे वैभव अद्भुत वाटते. विभक्तिप्रत्ययांत वाढलेल्या आपल्या वाचकाला ते घरचेच वाटेल. एकवचन व द्विवचन आहे, आणि अनेकवचने दोन आहेत. क्रियापदालाच सर्वनाम चिकटते : 'मरुवान' म्हणजे 'मी राहीन'. क्वेन्यात 'मर्' हा धातू वस्ती करण्याचा वाचक आहे. मराठी अनुवादकाला ह्या ठिकाणी हसू आवरावे लागते. आघाताचा नियमही आपल्याला सोपा. उपान्त्य अक्षर गुरू असेल तर त्यावर, नसेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. आणि गुरू म्हणजे दीर्घ स्वराचे किंवा पुढे जोडाक्षर असलेले. ज्याने वृत्तांचे लघु-गुरू मोजले आहेत त्याला 'इसिल्दुर' ह्या नावात जोर 'सिल्'वर का पडतो, हे सांगावे लागत नाही.

परंतु असे तक्ते कोणीही कष्टाळू माणूस तयार करील. टोल्कीन यांचे वेगळेपण क्वेन्याशेजारी सिंदारिन ठेवल्यावर दिसू लागते. सिंदारिनचा नाद त्यांनी वेल्श भाषेच्या वळणाने घडविला. कथेच्या जगात ह्या दोन भाषा एकाच आदिभाषेपासून निघाल्या आहेत. एक समुद्रापलीकडे गेलेल्यांची, दुसरी अलीकडे राहिलेल्यांची. आणि त्यांतील फरक मनास येईल तसे केलेले नाहीत, नियमाने झालेले आहेत. मनुष्याला क्वेन्यात 'अतन' म्हणतात, अनेकवचन 'अतनि'. सिंदारिनमध्ये तोच शब्द 'अदन' होतो आणि अनेकवचन 'एदाइन'. दोन स्वरांमधील त चा द झाला. अनेकवचनाच्या अंती असलेल्या इकाराने मागच्या अकारांना आपल्याकडे ओढले आणि मग तो इकार स्वतः गळून गेला. गेलेल्या पाहुण्याची खूण मागे राहावी, तसा हा स्वरबदल राहिला. इंग्रजीत 'फूट'चे 'फीट' होते ते ह्याच रीतीने, आणि काश्मिरीच्या अभ्यासकाला अशी रूपे नित्याची आहेत.

पहिल्या बदलाचे उदाहरण तर आपल्या दारातच आहे. संस्कृत 'गत'चे शौरसेनीत 'गद' होते आणि महाराष्ट्रीत एक पाऊल पुढे जाऊन 'गअ'. प्राकृत वैयाकरणांनी स्वरमध्यस्थ व्यंजनांच्या ह्या शैथिल्याचे नियम बांधून ठेवले आहेत. त्याच प्रकारे क्वेन्यातील 'क्व' सिंदारिनमध्ये 'प' होतो : बोलण्याचा धातू तिकडे 'क्वेत्', इकडे 'पेद्'. लॅटिनमधील चार ह्या अर्थाचा 'क्वात्तुओर' आणि वेल्शमधील 'पेद्वार' यांचे नाते ज्याला ठाऊक आहे, त्याला टोल्कीन कोणत्या खाणीतून दगड काढीत होते हे लगेच उमगते. मात्र येथे एक सावधगिरी हवी. क्वेन्या म्हणजे संस्कृत आणि सिंदारिन म्हणजे प्राकृत असे समीकरण मांडण्याचा मोह आपल्याकडे होतो. क्वेन्या विद्येची व विधींची, सिंदारिन रोजच्या व्यवहाराची, येथवर ते जुळते. पण सिंदारिन ही क्वेन्याची कन्या नाही; त्या भगिनी आहेत.

ह्या वंशावळीने वाङ्मयीन दृष्ट्या काय साधते? वाचक नियम जाणत नसतो. तरीही एकाच भूभागातील डोंगरांची, नद्यांची, माणसांची नावे वाचताना त्याला एक अस्पष्ट सुसंगती जाणवते. महाराष्ट्रातून जाताना 'वडगाव', 'पिंपळगाव', 'नांदगाव' ऐकणाऱ्या परप्रांतीयाला भाषा न कळताही लोकांचे सातत्य जाणवते, तसे. कथेतील काळाची खोली लेखकाने सांगावी लागत नाही, ती नावांतच मुरलेली असते. टोल्कीन यांच्या गद्यातील वर्णने पुष्कळदा लांबतात आणि त्यांची कित्येक पात्रे एकरंगी आहेत, हे आक्षेप मला मान्य आहेत. पण हा गुण त्यांच्याइतका दुसऱ्या कोणत्याही आधुनिक कथाकारात मला आढळलेला नाही.

आणि गोष्ट एवढ्यावरच थांबत नाही. १९६८ च्या सुमारास लिहिलेले आणि १९९६ साली त्यांचे पुत्र क्रिस्टोफर यांनी प्रसिद्ध केलेले एक टिपण आहे. नोल्दोर नावाच्या एल्फकुळात घर्षक 'थ'चा उच्चार हळूहळू 'स' होऊ लागला, एवढाच त्याचा विषय. राजपुत्र फेआनोर याची माता मीरिएल हिचे उपनाव 'थेरिंदे', म्हणजे भरतकाम करणारी. नव्या उच्चाराने ते 'सेरिंदे' झाले. आपले नाव जुन्या उच्चारानेच घेतले जावे अशी तिची इच्छा होती. ती गेली, पित्याने दुसरा विवाह केला, आणि नवी राणी जन्माने 'थ' म्हणणाऱ्या कुळातील असूनही नोल्दोरांत आल्यावर 'स' म्हणू लागली. फेआनोरच्या लेखी हा मातेचा अपमान ठरला. त्याने व त्याच्या सात पुत्रांनी 'थ' सोडला नाही, आणि जे 'स' म्हणत ते त्याला शत्रुपक्षाचे वाटू लागले. भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपणारे ध्वनिपरिवर्तन येथे एका घराण्याच्या कलहात गुंतले आहे. मराठी वाचकाला हे परीकथेतील वाटणार नाही. 'पाणी' आणि 'पानी' ह्या दोन उच्चारांत आपण किती काळ माणसे तोलीत आलो आहोत, एका 'ण'वरून कोणाचे शिक्षण, कोणाची जात, कोणाचे गाव ठरवीत आलो आहोत, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. ह्या टिपणाचे मोल मला टोल्कीन यांच्या कित्येक युद्धप्रसंगांहून अधिक वाटते.

क्वेन्याच्या वाट्याला पुढे वनवास आला. 'द सिल्मरिलियन' (१९७७) मध्ये राजा थिंगोल आपल्या आप्तांच्या हत्येची वार्ता ऐकून ह्या भाषेवर आपल्या राज्यात बंदी घालतो. तेव्हापासून ती परतून आलेल्यांची खाजगी, स्मरणातील भाषा होते. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये लोरिएनच्या वनात गलाद्रिएल जे दीर्घ विलापगीत गाते ते ह्याच भाषेत आहे. हा पूर्वेतिहास न जाणणाऱ्या वाचकालाही तेथे भाषा बदलताच काही तरी हरवल्याचा भास होतो.

ह्याच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे ती काळी बोली. कथेप्रमाणे ती सौरॉनने आपल्या सेवकांसाठी स्वतः बनविली आणि सर्वांची एकच भाषा करण्याचा त्याचा बेत फसला. कल्पित जगातही जिला पूर्वज नाहीत अशी ही भाषा एका हुकूमशहाने आज्ञेने निर्माण केलेली असावी, ह्यात कर्त्याचे मत स्पष्ट आहे. गंमत अशी की तिच्या वाटेलाही इतिहास आलाच. ओर्कांच्या बोलीत म्हाताऱ्याला 'शर्कू' म्हणत. तोच शब्द हॉबिटांच्या मुलखात येऊन 'शार्की' हे टोपणनाव झाला. एस्पेरांतोसारख्या योजलेल्या भाषांना आपल्या दंतकथा नाहीत म्हणून त्या निर्जीव आहेत, असे टोल्कीन यांनी १९५६ मधील एका पत्रात म्हटले होते. हा निवाडा अन्यायाचा आहे. झामेनहोफ यांनी १८८७ मध्ये मांडलेल्या त्या भाषेत कविता लिहिली गेली, संसार झाले, मुले वाढली. दंतकथा कर्त्याने रचल्या नाहीत तरी भाषक आपल्या आपण रचतात. परंतु स्वतःच्या कामाविषयी टोल्कीन काय मानीत, हे त्या वाक्यातून नेमके कळते.

आता अनुवादाचा प्रश्न. मराठीत वा कोणत्याही भारतीय भाषेत हा ग्रंथ आणताना ह्या सगळ्याचे काय करावयाचे? टोल्कीन यांनी स्वतः अनुवादकांसाठी नावांविषयी एक मार्गदर्शिका लिहिली. ती १९७५ मध्ये छापली गेली. तिचा आशय थोडक्यात असा : इंग्रजी घटकांनी बनलेली नावे आपल्या भाषेत अर्थाने आणावीत, एल्फांची नावे जशीच्या तशी ठेवावीत. कारण ग्रंथाची भूमिकाच अशी आहे की मूळ लोकभाषा वेगळी असून इंग्रजी हा तिचा अनुवाद होय. म्हणून 'रिव्हेन्डेल'चे 'चीरदरी' करता येईल, पण तिचेच सिंदारिन नाव 'इम्लाद्रिस' हे अढळ राहिले पाहिजे. रोहानच्या अश्वपालकांना टोल्कीन यांनी जुन्या इंग्रजीतली नावे दिली, कारण त्यांची बोली लोकभाषेची जुनी नातलग आहे. मराठीत त्या जागी यादवकालीन मराठी योजावी अशी कल्पना सुचते. नाते बरोबर जुळते. पण त्या मराठीला 'लीळाचरित्रा'चा आणि ओवीचा असा गंध आहे की घोडेस्वार राजे तीत बोलू लागले तर ते महंतांसारखे वाटतील. मी ती वाट घेणार नाही.

मोरियाच्या दाराचा प्रसंग तर व्याकरणाच्याच बिजागरीवर फिरतो. दारावरील लेखात 'बोल' ह्या आज्ञार्थापुढे 'मित्र' हा शब्द आहे. ते संबोधन आहे असे समजून गॅन्डाल्फ परवलीचा शब्द शोधीत बसतो. वस्तुतः 'मित्र' हाच उच्चारावयाचा शब्द असतो. सिंदारिनमध्ये व इंग्रजीत दोन्ही अर्थांना रूप एकच. मराठीत मात्र संबोधन 'मित्रा' आणि नाम 'मित्र'. एक काना लिहिताच कोडे सुटते किंवा मरते. 'बंधू' घेतला तर रूप अविकृत राहते, पण मैत्रीचे भाऊपण होते. दोहोंपैकी मी 'बंधू' पत्करीन. अर्थाची किंचित हानी परवडेल, दार उघडेच राहणे परवडणार नाही.

सर्वांत अवघड आहे ती लिपी, आणि तेही चमत्कारिक अशा कारणाने. ह्या भाषांसाठी टोल्कीन यांनी तेंग्वार ही जी लिपी कल्पिली, तिची मांडणी आपल्या वर्णमालेच्याच तत्त्वावर आहे : स्थानानुसार ओळी, प्रयत्नानुसार पायऱ्या. अक्षराच्या दांड्याला जोडलेला कमानदार भाग दुहेरी केला की वर्ण घोष होतो, दांडा वर उचलला की घर्षक. स्वर व्यंजनाच्या माथ्यावर मात्रेसारखे बसतात. रोमन अक्षरांपेक्षा देवनागरी ह्या लिपीला कितीतरी जवळची. तरीही देवनागरी अडते. मूळातील ऱ्हस्व 'अ' हा आपल्या 'आ'च्या जातीचा विवृत स्वर आहे, पण 'आ' लिहिला तर तो गुरू होऊन आघात हलतो. एकार-ओकार आपल्याकडे नित्य गुरू. 'ओरोमे' हे नाव नागरीत लिहिले की मधला लघू ओकार दिसतच नाही. कन्नड, तेलुगू, तमिळ, मलयाळम् यांना ऱ्हस्व ए-ओ आहेत. ह्या बाबतीत तेथील अनुवादक आमच्याहून भाग्यवान. इंग्रजी वळणाने 'सेलेबोर्न' लिहिण्याचा प्रमाद मात्र अक्षम्य आहे. तेथे सर्वत्र क चाच उच्चार आहे आणि 'केलेब' म्हणजे रुपे हा अर्थ त्या नावात आहे.

पण खरी कसोटी द आणि घर्षक ध यांची. सिंदारिनमध्ये 'गलद' म्हणजे तेज; आणि शेवटचा वर्ण घर्षक केला तर तोच शब्द वृक्षवाचक होतो. गलाद्रिएल ह्या नावात तेज आहे : तेजोमालेने मंडित कन्या. परंतु ती वनाची राणी असल्यामुळे कथेतील लोकच तिच्या नावात वृक्ष ऐकू लागले आणि तसा उच्चारही करू लागले, अशी नोंद आहे. लोकव्युत्पत्तीचे हे उदाहरण इतके जिवंत आहे की ते एखाद्या खऱ्या ग्रामनामाच्या अभ्यासातून उचललेले वाटावे. इंग्रजीतील असा घर्षक वर्ण आपण सरसकट 'द'ने लिहितो. तसे येथे केले की तेज आणि वृक्ष एकरूप होतात, आणि लोकांची चूक ही चूक म्हणून दाखविताच येत नाही. म्हणून द तसाच ठेवून घर्षकासाठी 'ध़' आणि अघोष घर्षकासाठी 'थ़' असे नुक्ता दिलेले वर्ण योजावेत, असे माझे मत आहे. मराठीला नुक्त्याची सवय नाही, हा आक्षेप मी जाणून आहे. 'चार' आणि 'चाक' यांतील दोन निराळे चकार आपण एकाच अक्षराने लिहितो आणि कोणाचे अडत नाही, हेही खरे. पण तेथे वाचक मराठी आईच्या मांडीवर तो भेद शिकलेला असतो. सिंदारिन कोणाचीच मातृभाषा नाही. तिचा वाचक जे ऐकेल ते केवळ छापलेल्या अक्षरातून.